पाच खेळाडू, चार तिकिटे आणि हातातले दोन एक्के : मोफत प्रवेशाच्या पोकर स्पर्धेतील एका डावाचा अभ्यास

२०२४ च्या पावसाळ्यात मालवणच्या एका तरुण खलाशाने मोबाइलवर खेळलेल्या मोफत प्रवेशाच्या पोकर स्पर्धेतील एका डावाचा हा अभ्यास आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत जाळ्यांची डागडुजी आटोपली की रात्री मोकळ्या राहतात आणि अनेक तरुण मुले त्या फोनवर घालवतात. हा खलाशी त्यांपैकीच एक होता. त्या डावात तो जिंकला, त्याला तिकीट मिळाले आणि मित्रांनी त्याचे कौतुकही केले. तरीही त्याचा निर्णय चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मी गणित शिकवतो, हे ठाऊक असल्यामुळे त्याने डावाची संपूर्ण नोंद मला मोठ्या अभिमानाने दाखवली होती, आणि त्याच्या परवानगीनेच मी ती येथे मांडत आहे.

स्पर्धेची रचना साधी होती. खेळ टेक्सस होल्डम (प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने, टेबलावर सर्वांसाठी पाच उघडी पाने आणि या सातांतली सर्वोत्तम पाच धरायची), ६०० खेळाडू, प्रत्येकाला सुरुवातीला २,००० चिप्स (पैज लावण्याच्या सोंगट्या), म्हणजे एकूण १२ लाख चिप्स. प्रवेश शुल्क शून्य आणि एकदा बाद झाल्यावर पुन्हा प्रवेश नाही. बक्षीस रोख नव्हते. शेवटपर्यंत टिकणाऱ्या चार खेळाडूंना एका मोठ्या स्पर्धेचे प्रत्येकी ५,००० रुपयांचे तिकीट मिळणार होते आणि उरलेल्या पाचांतला एक बाद होताक्षणी स्पर्धा थांबणार होती. त्या क्षणी एखाद्याजवळ सात लाख चिप्स असोत की तीस हजार, तिकीट सर्वांना सारखेच मिळणार होते. संपूर्ण प्रकरणाचा निकाल या एका नियमावर लागतो आणि नेमका तोच नियम बहुतेक खेळाडू वाचत नाहीत. नोंदणीचे बटण दाबण्यापूर्वी बक्षिसांचा तक्ता उघडून पाहणे, हे मी मोफत स्पर्धेच्या डावपेचातले पहिले पाऊल मानतो. हातात कोणती पाने आली, याचा विचार त्यानंतर करायचा.

अशा स्पर्धेत खेळाडूच्या खिशातून पैसे जात नाहीत, वेळ मात्र जातो. वीस हजार रुपयांची एकूण बक्षिसे ६०० जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३३ रुपये येतात. रात्री नऊला सुरू झालेली ही स्पर्धा पावणेएकपर्यंत चालली होती. मोफत स्पर्धा ठेवणाऱ्या कंपनीचा हेतूही समजून घ्यायला हवा : फुकट खेळायला आलेल्यांपैकी काहींनी पुढे पैसे भरून खेळावे, म्हणून हा खर्च केला जात असे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे ऑनलाइन खेळ चालवण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर या कायद्याने बंदी घातली. त्यामुळे या प्रकरणातले तिकीट ज्या प्रकारच्या स्पर्धेचे होते, त्या प्रकारची स्पर्धा आज भारतात कायदेशीरपणे भरवता येणार नाही. डावाचे गणित मात्र चिप्स आणि बक्षिसांच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे ते जिथल्या तिथे आहे, आणि ज्यांना हा खेळ पैसे न लावता अभ्यासायचा आहे त्यांच्यासाठी ते तितकेच उपयोगाचे आहे.

मुख्य डावाकडे वळण्यापूर्वी स्पर्धेचा पहिला तास पाहणे आवश्यक आहे, कारण त्या तासात हा खलाशी अतिशय चांगला खेळला होता. मोफत स्पर्धेची सुरुवात इतर स्पर्धांहून वेगळी असते. ज्यांचे काहीच पणाला लागलेले नसते असे खेळाडू पहिल्याच डावापासून सगळ्या चिप्स पुढे सारतात. लवकर मोठे व्हावे किंवा लवकर झोपायला जावे, असा त्यांचा हिशेब असतो. अशा टेबलावर थाप मारून, म्हणजे कमकुवत पानांवर मोठी पैज लावून, कोणाला पळवून लावता येत नाही, कारण हातात काही नसतानाही लोक कॉल करतात, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून पैज स्वीकारतात. म्हणून तेथे थापा बंद ठेवून खरोखर चांगल्या पानांची वाट पाहणे आणि ती आल्यावर पुरेपूर किंमत वसूल करणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आमच्या खलाशाने नेमके तेच केले होते.

पहिल्याच स्तरावर, ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पाळीपाळीने पाने पाहण्यापूर्वीच घालायच्या सक्तीच्या पैजा) १० आणि २० चिप्सचे असताना, त्याच्या आधी चार खेळाडूंनी ऑल-इन केले, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावल्या, आणि त्याच्या हातात दोन एक्के आले. पत्त्यांच्या एका कॅटमधून अशी जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. एका अनोळखी हाताविरुद्ध दोन एक्के सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. दोन हातांविरुद्ध हे प्रमाण ७३ वर येते, तिघांविरुद्ध ६४ वर आणि चौघांविरुद्ध ५६ वर. याचाच अर्थ शंभरांपैकी ४४ वेळा तो स्पर्धेच्या पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर पडणार होता. तरीही कॉल करणे पूर्णपणे योग्य होते. २,००० चिप्स असताना त्याला तिकीट मिळण्याची शक्यता सहाशेत चार, म्हणजे शेकडा पाऊण टक्काही नव्हती. जिंकल्यास चिप्स दहा हजारांवर जाऊन ती शक्यता जवळजवळ पाचपट, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास पोहोचणार होती. तिचे ५६ टक्के धरले, तरी हातात पावणेदोन टक्क्यांहून अधिक राहतात. पाऊण टक्का सोडून पावणेदोन टक्के घ्यायचे असतील, तर बाद होण्याचा धोका पत्करायलाच हवा. त्याने तो पत्करला आणि तो जिंकला.

पुढचे दोन तास त्याने आणखी एक गोष्ट हेरली, जी मोफत स्पर्धांमध्ये भरपूर आढळते. नोंदणी फुकट असल्यामुळे अनेक जण नाव घालून ठेवतात आणि प्रत्यक्षात खेळायला येतच नाहीत. त्यांच्या वतीने ब्लाइंड आपोआप भरले जातात आणि त्यांची पाने आपोआप टाकली जातात. खलाशाच्या डावीकडच्या दोन्ही जागा अशा गैरहजर खेळाडूंच्या होत्या. बटण (पाने वाटणाऱ्याची फिरती खूण; तिच्या डावीकडचे दोघे ब्लाइंड भरतात) त्याच्याकडे आले आणि आधीच्या सर्वांनी पाने टाकली, की दोन्ही ब्लाइंड त्याला कोणत्याही पानांवर बिनधोक उचलता येत होते, आणि त्याने ती संधी एकदाही सोडली नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, लाईट दोनदा गेली आणि लाईट गेली की घरचे वायफाय बंद पडत असे. त्याने दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड फोनमध्ये तयार ठेवले होते आणि फोन संध्याकाळीच पूर्ण चार्ज केला होता. कोकणात जुलै महिन्यात ही तयारी डावपेचाचाच भाग असते, कारण संपर्क तुटला की दोन एक्केसुद्धा आपोआप टाकले जातात.

मध्यरात्रीनंतर पाच जण उरले. स्मॉल ब्लाइंड १०,००० आणि बिग ब्लाइंड २०,०००, शिवाय प्रत्येकाचा अँटे (दर डावाला सर्वांनी भरायच्या चिप्स) २,००० चिप्सचा. बाकीच्या चौघांना मी अ, ब, क आणि ड म्हणतो. डावाच्या आरंभी अ याच्याजवळ ४,७२,०००, खलाशाजवळ ३,६२,०००, ब याच्याजवळ २,२२,०००, क याच्याजवळ १,१२,००० आणि ड याच्याजवळ केवळ ३२,००० चिप्स होत्या. अ स्मॉल ब्लाइंडवर होता, खलाशी बिग ब्लाइंडवर, आणि खलाशाच्या लगेच डावीकडे ड बसलेला होता. म्हणजे पुढच्याच डावात बिग ब्लाइंड ड याच्यावर येणार होता. ड, ब आणि क यांनी पाने टाकली. अ याने सर्व चिप्स पुढे सारल्या. खलाशाच्या हातात इस्पिक आणि किलवर असे दोन एक्के होते आणि पडद्यावर विचारासाठी पंधरा सेकंद उलटे मोजले जात होते. त्याने त्यांतले दोनसुद्धा वापरले नाहीत.

अ याने बदाम गुलाम आणि बदाम नव्वी उघडली. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांत, बदाम राजा, बदाम चौकी आणि इस्पिक दुर्री आली. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानाला, चौकट सत्ती आली. आता न पाहिलेल्या ४४ पानांपैकी बदामाची ९ पाने अ याचे पाच बदाम पुरे करून खलाशाला थेट घरी पाठवणारी होती. म्हणजे पाचांत एकाहून किंचित अधिक. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पानाला, किलवर तिर्री आली आणि खलाशी ७,३०,००० चिप्सचा धनी झाला. थोड्याच वेळात ड बाद झाला आणि उरलेल्या चौघांना तिकिटे मिळाली, त्यांत १,१०,००० चिप्स उरलेला अ हासुद्धा होता.

हा निर्णय तपासण्याची पद्धत जुनी आणि प्रसिद्ध आहे. डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतील क्रमांकांच्या शक्यता काढण्यासाठी एक सूत्र मांडले होते आणि मेसन माल्मुथ यांनी १९८७ मध्ये तोच विचार पोकर स्पर्धेला लावला. पहिला क्रमांक मिळण्याची प्रत्येकाची शक्यता त्याच्या चिप्सच्या प्रमाणात धरायची, त्या खेळाडूला बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी तसाच हिशेब करायचा आणि हे शेवटपर्यंत नेत राहायचे. आपल्या प्रकरणात प्रश्न एकच आहे : खलाशी पाचवा येण्याची शक्यता किती?

समजा, त्याने एक्के टाकले. ब्लाइंड आणि अँटे गेल्यावर त्याच्याजवळ ३,४०,००० चिप्स उरतात, अ ५,००,००० वर जातो आणि ब, क, ड अनुक्रमे २,२०,०००, १,१०,००० आणि ३०,००० वर येतात. या स्थितीत खलाशी पाचवा येण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के निघते. म्हणजे पाने टाकूनही तिकीट ९७.७ टक्के त्याच्या हातात आहे. समजा, त्याने कॉल केला आणि तो जिंकला. ७,३०,००० चिप्स असताना पाचवे येण्याची शक्यता ०.२ टक्क्यांवर येते आणि तिकीट ९९.८ टक्के निश्चित होते. कॉल करून हरला, तर अ याच्याजवळ त्याच्याहून अधिक चिप्स असल्यामुळे तो जागीच बाद होतो, पाचवा येतो आणि त्याला काहीही मिळत नाही.

या तीन आकड्यांत सारे काही आले. जिंकून त्याला मिळवायचे होते ते फक्त दोन टक्के आणि त्यासाठी तो पणाला लावत होता जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के. कॉल योग्य ठरण्यासाठी त्याला हा डाव ९८ टक्के वेळा जिंकता यायला हवा होता आणि पत्त्यांच्या या खेळात सुरुवातीच्या दोन पानांवर एवढी खात्री देणारा हात अस्तित्वातच नाही. अ कोणत्याही पानांवर ऑल-इन करतो आहे असे धरले, तर एक्के ८५ टक्के वेळा जिंकतात. रुपयांत सांगायचे, तर पाने टाकल्यास ५,००० रुपयांच्या तिकिटातला त्याचा वाटा सुमारे ४,८८५ रुपयांचा होता आणि कॉल केल्यास सुमारे ४,२४० रुपयांचा. दोन सेकंदांत त्याने सहाशेहून अधिक रुपयांची किंमत सोडून दिली. ती प्रत्यक्षात त्याच्या पदरातून गेली नाही, याचे श्रेय बदामाच्या न आलेल्या नऊ पानांना द्यावे लागेल.

हे ऐकल्यावर त्याने मालवणीत विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : "सर, एक्के हातात आसतना सोडूचे कशे?" एक्के टाकणे जिवावर येते, कारण आपण त्यांना नेहमी सर्वोत्तम हात म्हणून ओळखतो आणि चिप्सच्या हिशेबाने तो कॉल खरोखरच उत्तम दिसतो : टाकले तर ३,४०,००० आणि कॉल केला तर सरासरी सहा लाखांच्या वर. पहिल्या स्तरावर चार जणांविरुद्ध ५६ टक्क्यांचा कॉल योग्य होता आणि येथे एकाच खेळाडूविरुद्ध ८५ टक्क्यांचा कॉल चुकीचा आहे, हे पचायला जड जाते. सुरुवातीला त्याच्याजवळ गमावण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते आणि प्रत्येक वाढीव चिप तिकिटाची शक्यता जवळजवळ त्याच प्रमाणात वाढवत होती. शेवटी त्याच्याजवळ तिकीट जवळजवळ आलेलेच होते आणि दुप्पट झालेल्या चिप्सचे करण्यासारखे काही शिल्लक नव्हते.

हा नियम सरसकट लावला, तर मात्र उलटी चूक होईल. समजा, त्याच वीस हजारांची रोख बक्षिसे १०,०००, ५,०००, ३,००० आणि २,००० अशी पहिल्या चौघांना मिळणार असती आणि स्पर्धा शेवटच्या खेळाडूपर्यंत चालणार असती. त्याच चिप्सवर तोच हिशेब केला, तर पाने टाकल्यास त्याचा वाटा सुमारे ५,४०० रुपये आणि कॉल करून जिंकल्यास सुमारे ७,८०० रुपये निघतो. तेथे ६९ टक्के विजयाची शक्यता पुरेशी ठरते. अ कोणत्याही पानांवर पुढे सारत असेल, तर एक्केच काय, दोन राजे किंवा दोन राण्याही बिनदिक्कत कॉल करण्याजोग्या आहेत, कारण त्यांची शक्यता अनुक्रमे सुमारे ८२ आणि ८० टक्के असते. तोच टेबल, तेच प्रतिस्पर्धी, त्याच चिप्स. बक्षिसांचा तक्ता बदलला आणि उत्तर फिरले. माझ्या विद्यार्थ्यांना ही जोडी मी मुद्दाम एकत्र सोडवायला देतो, कारण यातले एकच उदाहरण पाहिलेला मुलगा ते पाठ करतो आणि चुकीच्या जागी वापरतो.

अ याच्या खेळाचाही विचार करायला हवा. खलाशाला कॉल करणे परवडणारे नाही, हे ओळखून त्याने दडपण आणले असेल, तर तो विचार तर्काला धरून आहे. कोणतीही पाने हातात असली तरी समोरच्याने टाकायलाच हवीत, अशी ही जागा होती. पण मोफत स्पर्धेत समोरचा खेळाडू हे गणित जाणतो, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. चार लाख बहात्तर हजार चिप्स घेऊन बसलेल्या खेळाडूचे तिकीटही जवळजवळ निश्चित होते. त्याला या चढाईतून मिळणार होते ते नगण्य, आणि गमावले ते प्रत्यक्षात मोठे : १,१०,००० चिप्सवर येऊन त्याने आपले जवळजवळ पक्के झालेले तिकीट पुन्हा अनिश्चित करून घेतले. दोन मोठ्या खेळाडूंनी एकमेकांच्या वाटेला न जाणे, हे अशा वेळी दोघांच्याही हिताचे असते. त्यांच्या भांडणाचा लाभ झाला असता तो तीस हजार चिप्स घेऊन गप्प बसलेल्या ड याला, ज्याने त्या रात्री या टेबलावर सर्वांत अचूक खेळ केला.

हारव्हिल यांच्या सूत्राला एक मर्यादा आहे आणि ती येथे खलाशाच्या बाजूने पडते. सूत्र फक्त चिप्स मोजते. कोण कोठे बसला आहे आणि ब्लाइंड कोणावर येणार आहे, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून 'एम' म्हटले जाणारे आणि डॅन हॅरिंग्टन यांनी लोकप्रिय केलेले माप उपयोगी पडते : टेबलाची एक फेरी पूर्ण व्हायला जेवढ्या चिप्स लागतात, त्यांनी आपल्या चिप्सना भागायचे. येथे एका फेरीचा खर्च दोन्ही ब्लाइंड आणि पाच अँटे मिळून ४०,००० होता. खलाशाचा एम नऊ होता आणि ड याचा एकाहूनही कमी. पुढच्या डावात अँटे आणि बिग ब्लाइंड भरल्यावर ड याच्याजवळ फक्त ८,००० चिप्स उरणार होत्या. म्हणजे खलाशाने एक्के टाकले असते, तर त्याचे तिकीट ९७.७ टक्क्यांहूनही अधिक निश्चित होते.

आता राहिला तो पुढचा डाव, ज्यात खरी कमाई होती. ड बिग ब्लाइंडवर, खलाशी स्मॉल ब्लाइंडवर. ड याला अखेर सर्व चिप्स घालाव्याच लागणार होत्या आणि त्याला बाद करण्यात चौघांचाही फायदा होता. अनोळखी पानांवर एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ड याची टिकण्याची शक्यता निम्मी असते, दोघांविरुद्ध तिसरा हिस्सा आणि तिघांविरुद्ध चौथा हिस्सा. म्हणून अशा वेळी जितके जास्त खेळाडू थोड्या चिप्सवर कॉल करून सामील होतील तितके बरे. त्यानंतर त्यांनी आपसांत पैज न वाढवता रिव्हरपर्यंत चेक करत जावे, कारण एखाद्याने मध्येच थाप मारून दुसऱ्याला पळवले, तर ड याला हरवू शकणारा एक हात कमी होतो. हे प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने करायचे असते. टेबलावरच्या संदेशात "आपण चेक करत जाऊ" असे लिहिणे किंवा शेजारच्या खोलीत खेळणाऱ्या मित्राशी फोनवर ठरवणे हे संगनमत ठरते आणि त्यासाठी खाते बंद होऊ शकते. खलाशाने त्या रात्री पुढच्या डावात सात लाख तीस हजार चिप्सच्या जोरावर मोठी रेझ करून, म्हणजे पैज वाढवून, ब आणि क यांना बाहेर काढले आणि ड याच्याशी एकट्याने लढत घेतली. ड तो डाव जिंकला आणि आणखी काही डाव टिकला. ही दुसरी चूक पहिल्या चुकीपेक्षा लहान होती, पण जास्त चिप्स म्हणजे नेहमीच जास्त फायदा, या त्याच समजुतीतून ती आली होती, म्हणून त्याच्या नोंदवहीत मी दोन्ही डाव शेजारी शेजारी लिहून घेतले आणि प्रत्येकाच्या खाली पाचव्या क्रमांकाची शक्यता त्याच्याकडूनच काढून घेतली.